जाड्या अक्षरांतलं बहिणीचं नाव

माझ्या हाताला एकाच वळणाचं अक्षर येत असे. जाडं, गुबगुबीत, पोट पुढे काढून उभं राहिलेलं, आणि मागे गुलाबी सावली. मुलुंडच्या आमच्या सोसायटीजवळच्या सरबतवाल्याच्या जुन्या पाटीवरून मी ते उचललं होतं. सोसायटीच्या पाट्या मीच लिहायचो; क्रिकेटचे सामने, मंडळाचा ऑर्केस्ट्रा, सत्यनारायण, सगळं त्यातच. एकदा फळ्यावर 'उद्या पाणी येणार नाही' असं लिहिलं, तर ती आइस्क्रीमची जाहिरात वाटली. लोक हसत हसत बादल्या भरायला गेले.

त्या दिवसांत कांजूरमार्गच्या कारखान्यात माझी दुसरी पाळी असे. सकाळी डोळे चुरचुरायचे आणि घरात बहिणीचं लग्न ठरलेलं. मुलगा बोरीवलीचा, चांगला. फक्त त्याच्या आईने सुनेसाठी नवं नाव काढून ठेवलं होतं, मुलाच्या नावाशी जुळणारं.

बहीण गॅलरीत माझ्याजवळ येऊन बसली. "दादा, माझं नाव नको ना बदलायला. तू बोल त्यांच्याशी. बाबा नाही बोलणार."

"बोलतो गं."

"नक्की ना? तुझं 'बोलतो' मला माहितेय."

रविवारी मी बोरीवलीला गेलो. पोहे खाल्ले, दोनदा चहा घेतला, आणि लग्नाच्या स्टेजमागचा पडदा किती फुटांचा आहे याची सविस्तर चर्चा करून परत आलो. बहिणीने दारातच माझं तोंड पाहिलं आणि ती आत निघून गेली.

मग मी माझ्या परीने उपाय काढला. पडद्यावर लावायची थर्माकोलची अक्षरं मीच कापणार होतो. तिचं तीन अक्षरी नाव इतकं मोठं कापायचं, की एवढ्या नावाखाली बसून ते बदलायची कुणाला हिंमतच होणार नाही. आठवडाभर कामावर जायच्या आधी मी तापलेल्या तारेने थर्माकोल कापत बसलो. घरभर जळका वास. आई म्हणाली, "अरे, लग्न आहे की सर्कस?"

घाटकोपरच्या हॉलमध्ये पडदा लागला तेव्हा बहिणीच्या नावानेच तो जवळजवळ संपला. नवऱ्या मुलाचं नाव उरलेल्या कोपऱ्यात कसंबसं बसवलं. त्याचे मामा खुर्चीतून म्हणाले, "आमच्या मुलाचं नाव काय चष्मा लावून वाचायचं?" सगळे हसले. मीही हसलो, म्हटलं, बरंच झालं.

लग्न लागलं. मग तांदळाचं ताट आलं. नवरदेवाने अंगठीने तांदळात त्याच्या आईने सांगितलेलं नवं नाव लिहिलं. बारीक, नाजूक अक्षर होतं त्याचं. बहिणीने मान वर करून पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तेव्हा शिडीवर होतो. तिच्या नावातला 'ग' सुटायला लागला होता, त्याला टाचणी लावत होतो. खाली उतरून दोन शब्द बोलता आले असते. पण टाचणी लावायचं काम होतं ना.

आईने ती अक्षरं खोक्यात घालून माळ्यावर ठेवली. "पुढे उपयोगी पडतील," म्हणाली. आणि पडली. एक अक्षर हळदीकुंकवाच्या पाटीत गेलं, एक सामन्यांच्या.

दोन-तीन वर्षांनी गणपतीत बहीण नवऱ्याबरोबर आली. मी मांडवाच्या दारावर 'स्वागतम्' लावत होतो. ती खाली उभी राहून बघत होती.

"हा माझा 'ग' ना रे?"

"हो."

"सावली उडालीय त्याची."

"रंगवीन."

"तू?" ती हसली. मला वाटलं, आता बोलावं. काय बोलायचं तेही ठरलं होतं, चार शब्दांचं काम.

तेवढ्यात मांडवातून तिच्या नवऱ्याने हाक मारली, नव्या नावाने. तिने लगेच 'ओ' दिली आणि आत गेली. 'ग' पुन्हा एका बाजूने सुटला होता. मी खिशात टाचणी शोधायला लागलो.