ऱ्होडोडेंड्रॉनसाठी स्थळ

ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीत आमच्या शेजारी एक काका राहायचे. पेशाने इंजिनिअर, पण पिंड लग्न जुळवणाऱ्याचा. त्यांच्या अंगणात ओकच्या झाडांची गर्द सावली होती. तिथे लावायला त्यांनी सावलीत फुलणारा ऱ्होडोडेंड्रॉन आणला होता. पण त्याच्या शेजारी शोभेल असं दुसरं झाड मिळेपर्यंत तो कुंडीतच राहणार होता.

दर शनिवारी ते ती कुंडी गाडीच्या पुढच्या सीटवर बसवून, बेल्ट लावून नर्सरीत न्यायचे. काकू मागे बसायच्या, कधी कधी मीही. तिथे एकेका झाडाशेजारी कुंडी ठेवायची, मागे सरून डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचा.

"फर्न गुणाची आहे, पण फारच नाजूक." "होस्टाची पानं बघ केवढी! याला डोकं वर काढू देणार नाही."

एकदा मी अझेलिया सुचवली. काका दचकलेच. "अरे, पुस्तकात बघ, दोघं एकाच कुळातले. सगोत्र लग्न लावू?"

मग एका रविवारी मी त्यांच्याकडे चहाला बसलो असताना त्यांची मुलगी एका सोनेरी केसांच्या मुलाला घेऊन आली. "बाबा, वुई आर गेटिंग मॅरिड." काकूंनी काकांकडे पाहिलं. मी चहाचा कप घेऊन दाराकडे सरकलो.

काकांनी दोघांना बाहेर उन्हात शेजारी शेजारी उभं केलं. मागे सरले. डोळे बारीक केले. फोटो काढतायत असं वाटून मुलगा हसत राहिला.

"गोत्राचा प्रश्नच नाही," काका मला म्हणाले. "फक्त याला आधी सावलीत घे. भाजतोय बिचारा."