दसऱ्याला लाईनीवर असलेलं इंजिन

वाफेची इंजिनं सगळी सारखी दिसतात म्हणे. लांबून दिसतात. एकाच कारखान्यातून निघालेली दोन इंजिनं चार-दोन वर्षं चालली, की भाऊ-भाऊ वाटतात, जुळी वाटत नाहीत. एकाचं धुरांडं बदललेलं, एकाच्या कोळशा-पाण्याच्या टेंडरला ठिगळ, एकाची शिडी वाकडी. आम्ही मॉडेलं बनवणारे लोक याच्यापायी वेडे होतो. नुसतं 'मीटरगेजचं इंजिन' बनवून आणलं, तर आमच्यात कुणी चहाला विचारत नाही. कोणत्या नंबरचं, कोणत्या काळात असं दिसत होतं, ते सांगावं लागतं, आणि फोटोनं पटवावं लागतं.

मला माझ्या बापाचं इंजिन बनवायचं होतं.

बाबा मीटरगेजवर ड्रायव्हर होते. इंजिनांची शेड इथून लांब, जंक्शनच्या गावाला. आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये वाढलो. तेव्हा ठरलेल्या ड्रायव्हरला ठरलेलं इंजिन असायचं, म्हणून जो तो 'माझी गाडी' म्हणायचा. पुढं रूळ रुंद झाले, वाफ गेली आणि बाबांची गाडी भंगारात तुटली. आता आम्ही मुकुंदवाडीत, स्टेशनाजवळ राहतो. बाबांना अंधुक दिसतं, पण स्टेशनातून काय गेलं ते बसल्या जागी कानानं सांगतात. मी चिकलठाण्याच्या एका कंपनीत टूलरूमला जन्म घालवला, त्यामुळं पितळ कापायची अक्कल हाताला आहे. बाबा आहेत तोवर त्यांची गाडी त्यांच्या हातात द्यायची आणि खरी म्हणून चारचौघांत मांडायची, एवढंच मनात होतं.

घरात तिचा एकही फोटो नव्हता. म्हणून बाबांबरोबर काम केलेल्यांची घरं धुंडाळायला लागलो. जिथं जावं तिथं अल्बम निघायचा आणि प्रत्येक अल्बमात तेच: झेंडूचे हार घातलेलं इंजिन, पुढं नारळ, हळद-कुंकू, ड्रायव्हर-फायरमन इस्त्रीच्या कपड्यात. दसऱ्याची पूजा. शेडात फोटोवाला यायचा तो त्याच दिवशी. एरवी तेलकट, काळ्याकुट्ट गाडीचा फोटो कोण काढतंय? बाकी सगळ्यांची इंजिनं मला ठिगळासकट ओळखू यायला लागली. बाबांचं काही सापडेना.

शेवटी पिशोरला गेलो. बाबांच्या बरोबरीचे एक ड्रायव्हर रिटायर होऊन तिथं शेती बघतात. मी त्यांच्या अल्बमावर भिंग धरून बसलो, तर ते हसायलाच लागले.

"आरं, तुझ्या बापाची गाडी यात कशी घावंल? दसऱ्याला ती लाईनीवर असायची. आमची पूजा व्हावी म्हणून मालगाडी तुझा बाप घेऊन जायचा, दरसाल. लई चांगला माणूस."

चांगला माणूस म्हणे. तिथल्या तिथं माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यांचा चहा कसाबसा घशाखाली घातला आणि एसटी धरली.

घरी येऊन बाबांना विचारलं, दसऱ्याची ड्यूटी तुमच्याच माथी का मारायचे?

"कुणी नाय मारली. मी मागून घ्यायचो."

"का पण?"

"पहिल्या साली गेलो होतो की पूजेला. गाडी मी धुतली, मी पुसली. नारळ फोडायची वेळ आली, तर एकानं तो माझ्या हातातून काढून घेतला. तू राहू दे म्हणला. गोडच बोलला. आपण दीक्षा घेतलेली माणसं, आपल्याला नारळाचं काय करायचंय? पण त्यानं काढून घेतला तो त्यापायी नाय. मग पुढल्या साली म्हणलं, तुम्ही करा पूजा, गाडी मी काढतो. सकाळी मालगाडी न्यायची, संध्याकाळी वस्तीत वंदनेला हजर. आपला बी सण त्याच दिवशी."

हे त्यांनी मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं म्हणून सांगितलं, आणि लगेच रेडिओ लावला.

मग मी फोटोचा नाद सोडला आणि बाबांच्या सांगण्यावरून इंजिन बनवलं. ते खुर्चीत, मी खाली. एकेक भाग त्यांच्या हातात द्यायचा, अंगठा फिरवून ते चूक काढायचे. ठिगळ आणखी खाली घे. कॅबच्या खिडकीला इथं लाकडाची पट्टी होती, कोपर टेकायला, मीच ठोकलेली. धुरांडं तर त्यांनी पुन्हा पुन्हा करायला लावलं. मी वैतागलो की म्हणायचे, "तुला घाई कसली? मी कुठं चाललो?" पूर्ण झाल्यावर त्यांनी ते बराच वेळ मांडीवर धरलं आणि म्हणाले, "हीच."

तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते मी केलं. उस्मानपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये हौशी लोकांचं प्रदर्शन होतं, तिथं इंजिन घेऊन गेलो. संयोजक मऊ आवाजाचा माणूस. म्हणाला, "काम एक नंबर आहे. फोटो?" मी म्हणालो, फोटो नाही, चालवणारा माणूस आहे, त्याला विचारा. "तोंडी माहिती नियमात बसत नाही हो. नंबर खरा असेल, पण ते असंच दिसायचं कशावरून? मनाला लावून घेऊ नका." आणि त्यानं माझ्या इंजिनापुढं कार्ड ठेवलं: काल्पनिक.

शेजारच्या टेबलावर एक इंजिन हारासकट बनवलेलं होतं. हार एवढा मोठा, की पुढचं अर्धं तोंड झाकलेलं. हाराखाली काय होतं ते फोटोत दिसत नव्हतं आणि बनवणाऱ्यालाही माहीत नव्हतं. त्याच्यापुढं 'अस्सल'. नियमाला धरूनच होतं सगळं. फोटो कुणाचे निघाले आणि कुणाचे निघालेच नाहीत, हे विचारायचा नियम कुणी केलेला नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं.

दुसऱ्या दिवशी बाबांना रिक्षानं घेऊन गेलो. त्यांनी कार्ड चाचपलं. "काय लिव्हलंय?" खोटं सांगावंसं वाटलं, पण खरं तेच सांगितलं. त्यांनी संयोजकाला बोलावून घेतलं.

"साहेब, मग दसऱ्याची मालगाडी नेली कुणी?"

"काका, तसं नाही, नियम असा आहे की..."

मी इंजिन उचलायला हात घातला. ते कार्ड त्याच्या खिशात कोंबणार होतो. बाबांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे तिला. इथं तरी कुणी फोटो काढंल तिचा."

संध्याकाळपर्यंत आम्ही तिथं बसून होतो. लोक यायचे, हारवाल्या इंजिनाशेजारी पोरांना उभं करायचे, मोबाईल काढायचे आणि पुढं जायचे. माझाही मोबाईल खिशात होता. पण बापाच्या गाडीचा फोटो पोरानंच काढायचा, तर मग शेड काय आणि हा हॉल काय. बाबांना एवढ्या लांबून दिसत नव्हतं. मधूनमधून विचारायचे, "काढला का कुणी?"

"व्हय," मी दर वेळी म्हणालो. "आत्ताच काढला."