ओला कोपरा

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा हे कबड्डीचे मास्तर आमच्याकडं आले. बोलतानासुद्धा मैदानावरची नजर काढत नसत. आमचा डाव्या कोपऱ्याचा गडी झेपच घेत नसे.

मास्तर म्हणाले, "गडी भित्रा न्हाई, जमीन कडक हाय."

अख्खं गाव टँकरमागं पळत असताना हे आपल्या आंघोळीची बादली रोज त्याच्या कोपऱ्यात ओतायचे. याला शिकवणं म्हणायचं की लाड, मला संशयच होता.

सामन्यात मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि गड्याच्या वाट्याला कोरडा कोपरा आला. मास्तर मैदानाकडं पाठ करून उभे राहिले. मागं धूळ उडाली.

"घेतली का झेप?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मुद्दामच जरा थांबून सांगितलं, "घेतली."