डाव्या मुठीची चिंधी

हे मी आजवर कुणापाशी बोललो न्हाई. बायकोपाशी न्हाई, सख्ख्या भावापाशी न्हाई. देवळात हात जोडून उभा राहतो तवाबी ह्याच्या अलीकडं येऊन थांबतो. तुमी म्हणाल, मग आज काहून? काहून ते मलाबी बराबर सांगता यायचं न्हाई. दमलो — एवढंच म्हणा. अठरा वर्षं एकच गोष्ट तोंडात धरून बसलं की जबडा दुखतो.

माझं गॅरेज डोंगरकडा गावात, रोडला लागून. दोनचाकीचं. पाटीवर माझ्या नावाखाली लाल अक्षरात 'कुवेत रिटर्न' लिहिलंय. पेंटरनं हौसेनं लिहिलं — मी पुसलं न्हाई. आत भिंतीवर एक फोटो आहे, फ्रेम केलेला: मी मोटारसायकलवर बसलेलो, डोक्यावर हॉटेलची टोपी, मागं पार्सलचा डबा. ह्या फोटोवर माझं अर्धं आयुष्य चाललं. शोभाच्या बापानं पोरगी दिली ती ह्याच फोटोकडं बघून. अन् आसपासच्या गावातलं कुणीबी तिकडं डिलिव्हरीची गाडी चालवायला निघालं की आधी माझ्याकडं येतं. "दत्ताभाऊ, काय काय ध्यानात ठेवायचं?" मग मी सांगतो. तासभर सांगतो. दोनदा चहा होतो.

काय सांगतो? तिथलं लायसन हातात पडल्याबिगर किक मारू नको, मालक कितीबी डोक्यावर बसला तरी. शर्टाच्या आत पुऱ्या बाह्यांची सुती बनियन घाल. दुपारी टायरात हवा ठासून भरू नको. रस्त्यावर रेती आलेली दिसली की पुढचा ब्रेक दाबू नको. गोल चक्करात आतून येणाऱ्याला आधी जाऊ दे. आपल्याकडं हॉर्न म्हणजे रामराम, तिकडं हॉर्न म्हणजे शिवी — तवा अंगठा आवरून धर. पोलिसाशी हुज्जत घालू नको. पहिले चार दिवस पायीच हिंड, रस्ते डोळ्यात बसू दे. अन् गाड्या तिकडं उजव्या अंगानं चालतात, हे तर आता शेंबड्या पोरालाबी ठाऊक आहे.

ह्यातलं खोटं काहीच न्हाई. बघा — खरं बोलायला बसलो अन् पुन्हा सल्लाच सांगून राहिलो. सवय, दुसरं काय!

सुभाषबद्दल सांगतो. सुभाष राठोड, आमच्या गावाशेजारच्या तांड्यावरचा. बारा वर्षं त्यानं मोटारसायकलवर दुधाचे चार कॅन बांधून आखाडा बाळापूरला दूध नेलं. रोज सकाळी गॅरेजसमोर थांबायचा, चेनला तेल सोडायचा, माझ्या चहातला अर्धा चहा प्यायचा अन् जायचा. पावसाळ्यात कॅनॉलच्या कडेची ती निसरडी वाट — तिथून लोक चालतबी जात न्हाईत — हा चार कॅन घेऊन निघायचा अन् थेंब सांडू द्यायचा न्हाई. मी मेकॅनिक आहे, हजारो हात हँडलवर पाहिले. त्याच्यासारखा हात दुसरा पाहिला न्हाई. मी त्याला चिडवायचो, "अरे, तुझ्या गाडीला ब्रेक कशाला पाहिजेत? विकून टाक!" तो नुसता हसायचा.

चार वर्षांमागं त्याचं कुवेतचं जमलं. लेकीला नर्सिंगला घालायचं होतं, दुधावर ते होत नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी तांड्यावर गोडाचं जेवण केलं. जेवणं झाली अन् लिंबाखाली सगळे बसले. आता आमच्याकडं हा रिवाजच पडलाय — निघणाऱ्याला मधी बसवायचं अन् जाऊन आलेल्यानं चारचौघांत त्याला सांगायचं. घरच्या माणसांच्या जिवाला तेवढाच थंडावा. बायामाणसं दाराशी उभी राहतात, त्याबी ऐकतात. सुभाषची बायको कविता लेकीला घेऊन उंबऱ्यावर बसली होती. मी सांगायला लागलो. रंगात आलो होतो, खोटं काहून बोलू? माणसं माना डोलवत होती.

माझ्या खिशात त्या दिवशी एक लाल चिंधी होती. सकाळी गॅरेजमधी नव्या कापडाची फाडून घेतली होती — बोटभर रुंद, हातभर लांब. ती सुभाषसाठी होती. ती कशाला, ते सांगतोच. शेवटी ती काढायची अन् त्याच्या हातात द्यायची, असं घरून ठरवून निघालो होतो.

तेवढ्यात सुभाषचे सासरे बोलले. म्हातारा माणूस, कमी बोलणारा. त्यांनी मला सरळ विचारलं, "तुमी पडले का कधी तिकडं?"

मी म्हणलो, "एकदाबी न्हाई."

चिंधी खिशातच राहिली.

आता खरं ऐका. कुवेतला मी नऊ दिवस गाडी चालवली. नऊ! बाकी एकवीस महिने हॉटेलच्या मोरीवर भांडी घासली अन् कांदे सोलले. तो फोटो पाचव्या दिवसाचा आहे. मघाशी जो सल्ला सांगितला तो गाडी चालवणारे माझ्यामागं उभे राहून जेवताना बोलायचे, तो मी पातेली घासता घासता ऐकलेला आहे.

नवव्या दिवशी काय झालं? दुपारची वेळ, पेट्रोल भरलं, पंपातून बाहेर निघालो. रस्ता रिकामा. एक गाडी न्हाई. अन् हात आपसूक डाव्या अंगाला वळला — वारंग्याच्या पंपातून घराकडं वळतो तसा. मला कळलंच न्हाई की मी चुकलो. उलट लई मजेत होतो, गाणं म्हणत होतो. समोरून मोठी गाडी आली, तिच्या ब्रेकचा आवाज झाला, अन् मी कडेच्या दगडावर. कोपर सोललं, बाकी काही न्हाई. गाडीवाला उतरून ओरडत होता. मी उभा होतो अन् माझी पँट ओली झाली होती. सव्वीस वर्षांचा बाप्या! हे सांगतानाबी माझे कान तापून राहिलेत.

आमच्या हॉटेलात करीमचाचा होते, हैदराबादकडचे, वीस वर्षं तिथं गाडी चालवणारे. त्यांनी कोपराला पट्टी बांधली, अन् मग एक फडकं फाडून माझ्या गाडीच्या डाव्या मुठीला बांधलं. म्हणले, "मियाँ, दिमाग को मालूम रहता, हाथ को नै मालूम रहता." गर्दीत माणूस चुकत न्हाई, म्हणले, पुढच्यामागं जातो. चुकतो तो रिकाम्या रस्त्यावर — पंपातून निघताना, गल्लीतून निघताना, पोटभर जेवून निघताना. म्हणून निघायच्या आधी फडकं बघायचं. फडकं रस्त्याच्या मधल्या अंगाला असलं तर बराबर. फडकं कडेला आलं की मेलास. एवढंच. पहिले सहा महिने हे फडकं सोडायचं न्हाई, म्हणले.

मला त्याचा उपयोग झाला न्हाई. मी पुन्हा गाडीवर बसायला धजलोच न्हाई. मीच मालकाच्या हातापाया पडून मोरीवर गेलो. गावी कुणाला कळवलं न्हाई. अन् परत आलो तवा लोकच म्हणायला लागले, दोन वर्षं परदेशात गाडी चालवून आला. मी फक्त न्हाई म्हणलो न्हाई. मग पुढं पुढं मीच भर घालायला लागलो.

आता तुमी विचाराल — अरे, चिंधी द्यायला पडल्याचं कशाला सांगायला पाहिजे होतं? म्हणायचं, एका जुन्या माणसानं सांगितलं. व्हय. बराबर. एवढी साधी गोष्ट. मलाबी ती सुचली — तिथंच, लिंबाखालीच सुचली. पण नुकतंच 'एकदाबी न्हाई' म्हणलो होतो अन् सगळे कौतुकानं बघत होते. चिंधी काढली असती तर कुणीतरी विचारलं असतं, मग तुमी बांधत होते का? का बांधत होते? अन् माझं तोंड उतरलं असतं. दाराशी उभ्या बायांत शोभाबी होती. म्हणून मी खिशातला हात खिशातच ठेवला. विसरलो न्हाई, हे ध्यानात घ्या. ती चिंधी मी बोटांनी चाचपून राहिलो होतो.

सुभाष गेला. फोन करायचा. दोन महिन्यांत लायसन झालं, गाडी मिळाली. त्या वेळेलाबी फोनवर सांगता आलं असतं. दर वेळी म्हणलो, पुढल्या वेळी सांगू.

गाडी मिळून तीन आठवडे झाले असतील. दुपारी पेट्रोल भरून पंपातून बाहेर निघाला. रस्ता रिकामा. डाव्या अंगाला वळला. समोरून पिकअप आली.

उजवा पाय मांडीपासून मोडला, कमरेचं हाड मोडलं. चूक त्याचीच धरली तिकडच्यांनी — होतीबी, कागदावर. चार महिन्यांनी आला तो कुबड्या घेऊन. ते हात, थेंब न सांडणारे, आता कुबड्या धरतात. लेकीचं नर्सिंग राहिलं, ती बाळापूरला कापडाच्या दुकानात उभी राहते.

अन् लोक! लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? इतका पट्टीचा गाडीवाला सरळ रस्त्यावर उलट्या अंगाला जातोच कसा? प्याला असंल. चहाच्या हॉटेलात माझ्यासमोर बोलले हे. सुभाषनं जन्मात थेंबाला तोंड लावलं न्हाई, मला ठाऊक. त्याचा हात तिकडं काहून वळला, हे अख्ख्या पंचक्रोशीत फक्त मला ठाऊक. अन् मी काय केलं? बशीतला चहा फुंकून प्यालो.

कविता एकदा गॅरेजवर आली होती. पदर डोक्यावर, डोळे खाली. म्हणली, "भाऊ, तुमी तर सगळं सांगितलं होतं त्यांना. आमचंच नशीब फुटकं." मी तिला पाणी दिलं.

आता सुभाष दिवसभर माझ्या गॅरेजवरच असतो. मीच म्हणलो, घरी बसून काय करतो, इथं येऊन बस. स्टुलावर बसतो, कार्बोरेटर साफ करतो, प्लग घासतो. लोक म्हणतात, दत्ताभाऊचं मन मोठं. खरं सांगू? त्याला समोर बसवलं म्हणजे मला वाटायचं, एखाद्या दिवशी तोंडातून निघून जाईल. न्हाई निघालं. उलट तो समोर असायची सवय झाली.

मागल्या महिन्यात कुरुंद्याचा एकजण आला. हळदीच्या शेतातून सरळ आलेला, नखं पिवळी. त्याचंबी कुवेतचंच जमलेलं. मी सांगायला लागलो — लायसन, बनियन, टायर, रेती. सुभाष प्लग घासत होता. मधीच म्हणला, "ध्यान देऊन ऐक गड्या. ह्यांनी मलाबी सगळं सांगितलं होतं, म्याच चुकलो."

ते ऐकलं अन् मला काय झालं कुणास ठाऊक. मी उठलो, पान्यांचा डबा उघडला, तळातून ती लाल चिंधी काढली. चार वर्षं तिथंच पडून होती. तेलानं एका कडेला काळी झाली होती. त्या कुरुंद्याच्या माणसाला सगळं सांगितलं — डावी मूठ, रिकामा रस्ता, पंप, निघायच्या आधी बघायचं. सगळं. वरून अगदी सहज, जसं आताच आठवलं.

सुभाषचा हात थांबला. बराच वेळ तो त्या चिंधीकडं बघत होता.

"हे मला न्हाई सांगितलं तुमी," तो म्हणला. रागानं न्हाई. विचारल्यावानी.

अन् मी — ऐकताय ना? — मी म्हणलो, "अरे, मलाच परवा कळलं. एका गिऱ्हाइकानं सांगितलं."

किती सोपं होतं! चार वर्षांमागं जे लिंबाखाली बोलवलं न्हाई, तेच वाक्य. त्या दिवशी बोललो असतो तर त्याचा पाय वाचला असता. आज बोललो अन् पुन्हा मीच वाचलो.

त्यानं हातातला प्लग खाली ठेवला. मग म्हणला, "बरं झालं. ह्याच्या तरी कामी येईल." कुबडी काखेत घेतली, उठला, त्या माणसाच्या मोटारसायकलपाशी गेला. माझ्या हातातून चिंधी घेतली अन् डाव्या मुठीला स्वतः बांधून दाखवली, कशी दिसती ते कळावं म्हणून. दुधाच्या कॅनला मारायचा तीच गाठ. दोनदा ओढून बघितली.

"आता न्हाई सुटत," माझ्याकडं बघून म्हणला.

मी व्हय म्हणलो.