वहिनीला एक दुपार मिळाली

गल्लीत सगळे तिला वहिनीच म्हणत. लग्नाआधीपासून ती पार्लरमध्ये केस कापायची, आणि तिचा हात इतका हलका की बायका तिच्यासाठी थांबून राहत. नवरा फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचा फवारा मारायचा. तोंडाला फडकं बांधायचा कंटाळा. पुढे फुप्फुसं निकामी झाली, नाकात नळी आली, बाहेरच्या खोलीत दवाखान्याने दिलेलं ऑक्सिजनचं मशीन घरघरू लागलं आणि वहिनीचं पार्लर सुटलं.

नवऱ्याला दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे. संडासात न्यायला तीच हवी, पाठ चोळायला तीच हवी. ती गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली तरी आतून हाक यायची. धाकटा दीर रविवारी यायचा, खुर्चीत टेकून उंटावरून शेळ्या हाकायचा. "वहिनी, दादाला जरा मोकळ्या हवेत नेत जा."

"तीन जिने आहेत, भाऊजी. तुम्ही एक हात धरा, मी एक धरते."

दिराला मग घरचं काहीतरी काम आठवायचं.

तपासणीला गेले असताना दवाखान्यातल्या नर्सने नवऱ्याला सोडून तिलाच विचारलं, "तुम्ही कशा आहात?" वहिनीच्या डोळ्यांना धार लागली. आजाऱ्याची सेवा करणाऱ्या घरच्यांसाठी दवाखान्यात दर बुधवारी दुपारी बैठक भरते, असं नर्सने सांगितलं. महिनाभर विनवल्यावर दीर एक दुपार भावाजवळ बसायला तयार झाला.

बैठकीत एक म्हातारा बस ड्रायव्हर होता. त्याची बायको अशीच धापा टाकत असे. तो खाली बघत म्हणाला, "कधीकधी वाटतं, सुटावी बिचारी. मग कळतं, मलाच सुटायचंय." कुणी त्याला गप्प केलं नाही. वहिनीला वाटलं, आपल्या मनातलं कुणीतरी मोठ्याने वाचलं. मग नर्सने शिकवलं: धाप लागली की आडवं करू नका. पुढे झुकवून बसवा, हातांना टेबलाचा आधार द्या, तोंडावर छोटा पंखा धरा, श्वास सावकाश सोडायला सांगा. आणि घाबरलात तरी आवाजात दिसू देऊ नका.

ती घरी पोचली तर दाराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, अँब्युलन्स घेऊन गेली. नवऱ्याला धाप लागताच दिराने त्याला उताणं झोपवलं होतं आणि "दादा, दादा" करून घर डोक्यावर घेतलं होतं. वहिनी आल्या पावली परत फिरली.

वॉर्डाच्या दाराशी दीर उभाच होता. "घरात माणूस मरायला टेकलंय आणि तुम्हाला गप्पांची हौस."

ती त्याच्या बाजूने आत शिरली. नवऱ्याने तोंडावरचा मास्क बाजूला केला. "परत... जाऊ... नकोस."

"नाही जाणार, अहो. मास्क लावा."

नर्सचे फोन येत राहिले. नवरा पलंगावरून कान देऊन ऐकायचा, आणि वहिनी म्हणायची, "नाही जमणार हो." एका दुपारी शिकलेलं मात्र तिने सोडलं नाही. धाप लागली की ती त्याला टेबलावर झुकवायची, पंखा धरायची, शांत आवाजात बोलत राहायची. दोन वर्षांत पुन्हा अँब्युलन्स बोलवावी लागली नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला नवरा सांगायचा, "मशीन चांगलं मिळालं."

शेवटी एका सकाळी, ती चहा गाळत असताना, तो गेला. दीर सगळ्यांना सांगत होता, दादाने फार सोसलं.

महिन्याने मशीन परत करायला वहिनी दवाखान्यात गेली. बुधवार होता. बैठकीच्या खोलीत आता दुसरी नर्स होती, तरुण, गोड बोलणारी.

"घरी कोण आजारी आहे, ताई?"

"नवरा होते. गेले."

नर्सला अवघडल्यासारखं झालं. "अहो, ही बैठक ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांच्यासाठी असते. तुमच्यासाठी वेगळं असं काही... मी विचारून सांगते हं."

"राहू द्या. आता मला वेळच वेळ आहे, म्हणून आले होते."

आत कुणीतरी बोलता बोलता रडत होतं. नर्सने हलकेच दार लावून घेतलं.