मुंग्यांनी न खाल्लेलं पीठ

सलग तिसऱ्या रविवारी मुंग्यांनी माझं पीठ खाल्लं नाही, तेव्हा मी मनातून हललो. वाचणाऱ्याला हसू येईल. पण घरापासून इतक्या लांब एकटा राहणारा माणूस कशाकशात देवाचा कौल शोधतो, हे तसं राहिल्याशिवाय कळायचं नाही. ग्वाल्हेरच्या मेळा मैदानाच्या कडेला एक कडुलिंब आहे. त्याच्या बुंध्याशी मी मूठभर गव्हाचं पीठ आणि साखर ठेवायचो. काळ्या मुंग्यांची रांग त्या पिठाच्या कडेनं पुढं निघून जायची. थांबायची नाही. मी उकिडवा बसून बघत राहायचो आणि मनात म्हणायचो, नाथबाबा, माझ्या हातचं तुला नको झालं का?

मी सांगली जिल्ह्यातला. आठवीत नापास झालो आणि नववीचं तोंड पाहिलं नाही. आमच्या भागातली पोरं गलाईच्या धंद्यात देशभर जातात. सोनं-चांदी वितळवून, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, टाकून शुद्ध करायचं, हे ते काम. मला आमच्या गावच्याच आण्णांनी ग्वाल्हेरला आणलं. तिथल्या लष्कर नावाच्या पेठेत, सराफ्यात त्यांची भट्टी आहे आणि वर माळ्यावर राहायची जागा. आल्यावर आई फोनवर म्हणाली, "देवळाला येणं तर तुला जमायचं न्हाई. रविवारी मुंग्यास्नी पीठ-साखर घालत जा. नाथबाबाला पोचतं त्ये." खरसुंडीचा सिद्धनाथ आमचा देव, आम्ही त्याला नाथबाबा म्हणतो आणि रविवार त्याचा वार. तेव्हापासून मी एकही रविवार चुकवला नव्हता.

दुसरी माझी गोष्ट म्हणजे पळणं. शाळेत मला एकच येत होतं, लांब पळायला. बाकी सगळ्यात शेवटचा, त्यात पहिला. ग्वाल्हेरला आल्यावर पहाटे मैदानात पळणारी माणसं दिसली आणि माझे पाय आपोआप तिकडं वळले. हिवाळा सरताना शहरात मोठी दौड असते, बेचाळीस किलोमीटरची. ती पुरी करायची असं मी ठरवलं. का, ते नीट सांगता येत नाही. मला वाटायचं, आयुष्यात मी एकही गोष्ट शेवटपर्यंत नेलेली नाही, ही एक तरी न्यावी. आठवड्यातले चार दिवस थोडं थोडं आणि रविवारी लांब पल्ला, असं वर्षभर चाललं. पळून झालं की कडुलिंबाखाली पीठ ठेवायचं, "नाथबाबाच्या नावानं चांगभलं" म्हणायचं आणि भट्टीवर जायचं.

पाऊस ओसरला आणि माझं शरीर वाळायला लागलं. आण्णा आधी कौतुकानं आणि मग काळजीनं म्हणाले, "लेका, पळून पळून पार खारीक झालास की रं!" मला मात्र बरं वाटायचं, कारण चांगले पळणारे सगळे वाळकेच दिसायचे. तहान इतकी लागायची की पाण्याचा जार दुपारपर्यंत संपायचा. पायात गोळे यायचे. समोरच्या दुकानाची पाटी धूसर दिसायला लागली, ती मी तेजाबाच्या धुरावर ढकलली. आमच्या धंद्यात एक रीतच आहे, धूर अंगात गेला की गुळाचा खडा तोंडात टाकायचा, म्हणजे छाती साफ होते. भट्टीशेजारी गुळाचा डबा कायमचा. अशक्तपणा आला म्हणून मी दिवसाला चार-पाच खडे खायला लागलो, वर दुकानासमोरच्या गाड्यावरची तीळगुळाची गजक. जितका गूळ खाई तितका थकवा वाढे आणि जितका थकवा वाढे तितका गूळ. सोन्यातलं हीण काढायला आच वाढवतात, तसं अंगातली मरगळ काढायला मी पळणं वाढवलं. आज हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

आईनं मोबाइलवर माझा चेहरा पाहिला आणि रडायला लागली. "हाडं दिसाय लागल्यात. त्ये पळणं सोड, माझी शप्पत हाय." मी "सोडलं" म्हणालो. खोटं बोललो. त्याच्या पुढच्याच रविवारी मुंग्यांनी पिठाकडं पाठ फिरवली. आता सांगा, माझ्या जागी दुसऱ्या कुणाला काय वाटलं असतं? आईनं सांगितलेलं पुण्य मी आईला फसवून आलेल्या पायांनी करत होतो. पुढच्या रविवारी मी साखर दुप्पट घातली. तरी नाही. मग मला भीतीबरोबर एक विचित्र कुतूहलही वाटायला लागलं. मुंग्या उपाशी तर नव्हत्या, रांग भरगच्च होती. घाईघाईनं कुठंतरी चालल्या होत्या. पण कुठं? रागावलेल्या देवाच्या मुंग्या एवढ्या आनंदानं कुठं जातात?

तिसऱ्या रविवारी मी असाच बसून बघत होतो. चक्कर येत होती, तोंडाला कसलातरी कुजक्या फळासारखा वास येत होता. त्या दिवशी अठ्ठावीस किलोमीटर ठरवले होते आणि बाराव्यालाच मी थांबलो होतो. हात जोडून "चांगभलं" म्हणालो तेवढ्यात मागून आवाज आला.

"मराठी आहेस काय रे? कधीपासून बघतेय मी, तू हे जमिनीत काय ढूंढतोस?"

साठी उलटलेल्या एक बाई होत्या. पायात बूट, अंगावर साडीवरून स्वेटर, हातात कुत्र्यांसाठी काठी. रोज मैदानाला दोन फेऱ्या मारताना मी त्यांना पाहिलं होतं, बोललो कधी नव्हतो. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडं आलेले, हे मला मागाहून कळलं. मी त्यांना काकू म्हणतो. त्या वेळी का कोण जाणे, मी त्यांना सगळं सांगून टाकलं. आईची शपथ, खोटं बोलणं, मुंग्यांचं रुसणं. परक्या ठिकाणी आपली भाषा कानावर पडली की माणूस सैल होतो.

काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रुसल्या काय? चल, बघू तर सही, कुठे जाताहेत." आणि काठी टेकत त्या रांगेच्या कडेनं चालायला लागल्या. रांग मेळ्याच्या बंद दुकानांच्या भिंतीकडं वळली आणि मी मागं राहिलो. त्या भिंतीमागं मी काय करायला जायचो, ते मला माहीत होतं. अलीकडं पळताना दोन-तीनदा लघवीला जावंच लागायचं, दम धरवत नव्हता. मी मागून "काकू, राहू द्या, तिकडं नको" म्हणत होतो. त्या गेल्याच. भिंतीच्या कोपऱ्यात, जिथं माती ओली होती, तिथं मुंग्यांचं काळं जाळं पसरलं होतं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"हे तू करतोस?" त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली. "अरे, शरमतोस कशाला? मी पूरी उम्र लॅबमध्ये लोकांच्या शिश्याच तर तपासल्या. दिवसातून किती वेळा जातोस? पाणी किती पितोस? वजन किती उतरलं?" एकेक उत्तर देत गेलो तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. मग त्यांनी माझ्या तोंडाजवळ येऊन वास घेतला आणि माझा हात घट्ट धरला. "बेटा, मुंग्या रुसलेल्या नाहीत. त्यांना तुझ्या पिठापेक्षा इथे जास्त गोड मिळतंय, बस. चल, आत्ताच्या आत्ता."

"काकू, आण्णांची भट्टी..."

"भट्टी गेली खड्ड्यात. तुझ्या अंगात भट्टी लागली आहे, ती आधी विझवू दे."

सवारीच्या टेम्पोत बसवून त्या मला त्यांची लॅब होती त्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. बोटाला सुई टोचली तर मशीननं आकडाच दाखवला नाही, नुसतं इतकंच सांगितलं की साखर मोजता येण्यापलीकडं आहे. सलाइन लागली. डॉक्टर तरुण होते. काकूंना ओळखणारं तिथं कुणीतरी अजून होतं, म्हणून त्यांनी आम्हाला नीट वेळ दिला. म्हणाले, एक-दोन दिवस आणखी असाच पळाला असता तर बेशुद्धच आणावा लागला असता, तेही कुणी आणला असता तर. मग मला हा मधुमेह समजावून सांगितला. मी माझ्या शब्दांत असा समजलो की माल दुकानाच्या दारात येऊन पडलाय, पण तो आत घेणारा माणूसच कामावर नाही. बाहेर ढीग आणि आत उपासमार. आता तो माणूस, म्हणजे इन्शुलिन, रोज सुईनं आत पाठवायचा, जन्मभर. मी विचारलं, गुळानं झालं का? ते म्हणाले, गुळानं आजार झाला नाही, पण आगीत तेल नक्की पडलं. मी आणखी विचारलं, मुंग्यांना कसं कळलं? डॉक्टर हसले. "वासानं कळत असेल. पण तू मुंग्यांच्या भरवशावर राहू नकोस, मशीन घे."

दुपारी आण्णा धावत आले. माझी सलाइन बघून त्यांचे डोळे भरले आणि तोंडानं मात्र शिव्या सुरू झाल्या. "मला वाटलं कुठल्या पोरीच्या नादात वाळतोय गडी! तोंडात मिठाची गुळणी धरलेलीस व्हय रं?" काकू म्हणाल्या, "ह्याच्या तोंडात मीठ कुठलं, गूळच गूळ." तेव्हा आम्ही तिघंही हसलो. त्या हसण्यानं माझ्यातली भीती थोडी उतरली. आईला त्याच संध्याकाळी खरं काय ते सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मुंग्यास्नी घालतूस न्हवं अजून? सोडू नगंस."

त्या वर्षीची दौड गेली. मला वाटलं होतं पळणंच गेलं, घरी परत जावं लागणार, भट्टीवर मला कोण ठेवणार. पण डॉक्टर म्हणाले, पळता येईल, फक्त आता आपल्या मर्जीनं नाही, शरीराला विचारून. पळण्याआधी मोजणी, मग सुई, खिशात साखरेची सोय, कारण सुईनंतर पळलं की साखर एकदम खालीही येते आणि तेही जिवावर बेततं. आण्णांनी गुळाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला होता. तेच आता रविवारी पहाटे मोजून खडे कागदात बांधून द्यायचे. "ह्ये औषध हाय. उगं चघळलास तर तंगडं मोडीन." ज्या गुळानं मला खड्ड्याच्या काठावर नेलं, तोच आता माझ्या खिशात राखणीला होता. वस्तू तीच. मला याचं अजून नवल वाटतं.

पुढच्या हिवाळ्यात मी दौडीत उतरलो. तीस किलोमीटरपर्यंत सगळं छान होतं. मनात वेळेचा हिशेब चालला होता, चार तासांच्या आत संपवायचं. मग तेहतिसाव्याच्या आसपास बोटं थरथरायला लागली, घाम गार पडला आणि रस्ता डोळ्यांपुढं पातळ झाला. जुना मी असतो तर दात ओठ खाऊन पळालो असतो. मी थांबलो आणि रस्त्याच्या कडेला फूटपाथवर बसलो. मशीन काढलं, मोजलं. गुळाचे खडे तोंडात टाकले. पंधरा मिनिटं बसायचं, मग पुन्हा मोजायचं, असं शिकवलेलं. ती पंधरा मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब. माझ्यामागचे कितीतरी जण एकेक करून पुढं गेले. एक आजोबा जाताना ओरडले, "अरे भैया, उठो, बस थोडा ही बचा है!" मी हात हलवला. उठलो नाही. चार तासांचा हिशेब गेला तो तिथंच, त्या फूटपाथवर. आणि मनाला कळलं की आयुष्यात पहिल्यांदाच मी स्वतःला ओढत नाहीये. देवाला सांगत नाहीये की असं कर, तसं कर. नुसता बसलोय.

खाली पाहिलं तर कागदातून सांडलेल्या गुळाच्या चुऱ्याभोवती मुंग्या जमल्या होत्या. चार, मग सात-आठ. कुठल्यातरी फटीतून रांग निघाली होती. त्या गुळासाठी आल्या होत्या, मला माहीत आहे. मुंग्या गोडाला येतात, यात चमत्कार काही नाही. पण सव्वा वर्षापूर्वी याच जातीच्या मुंग्यांनी माझं दान नाकारून माझा जीव वाचवला होता, आणि आज न मागता, न ठरवता माझ्या हातून सांडलेलं त्या उचलून नेत होत्या. मी उरलेला एक खडा बोटांनी कुसकरून त्यांच्यापुढं टाकला. पुन्हा मोजलं. साखर वर आली होती. "नाथबाबाच्या नावानं चांगभलं" म्हणालो आणि उठलो.

उरलेलं अंतर थांबत, मोजत कापलं आणि शेवटच्या पाच-सहा जणांत मी पोचलो. दौड संपायच्या पट्टीजवळ काकू काठी टेकून उभ्या होत्या आणि आण्णा टॉवेल घेऊन. "किती उशीर केलास रे," काकू म्हणाल्या, "माझे पाय दुखले."

नाथबाबा मला त्या दिवशी मैदानात भेटला की काकूच भेटल्या, हे मी कुणाला पटवून देत नाही. मी एवढा शिकलेलाही नाही. रोज सकाळी पोटाला सुई टोचण्याआधी मी हात जोडतो आणि बोटातला रक्ताचा थेंब मशीनला देतो. आधी देवाकडं मागायचो, आता तो जे दाखवील ते बघतो. रविवारी पळून आलो की कडुलिंबाच्या बुंध्याशी पीठ ठेवतो आणि उकिडवा बसतो. रांग येते, पिठाशी थांबते, एकेक कण उचलते. मुंग्या थांबल्या की मी उठतो.