लेकरं नसलेला फड

पुण्याहून ऊसपट्ट्यातल्या वाशीला पोचेपर्यंत अंगाचा पार भुगा झाला. मुलांना कामाला लावणार नाही, असा आपल्या देशानं जगाशी करार केलाय. आपली साखर घेणारा परदेशी व्यापारी म्हणतो, तसं दाखवा. मग मी ऊसतोडीचा फड तपासायला निघते. या कामाचा आता मनापासून कंटाळा आलाय.

वाशीत चहा मागितला, तर पाकच आला. "साखरंच्या मुलखात आलाव मॅडम," हॉटेलवाला हसला.

फडावर मुकादम वाटच पाहत होता. "बघून घ्या, एक बी लेकरू न्हाय!" खरंच नव्हतं. मोळ्या बांधणाऱ्या सविताला विचारलं, "मुलं कुठे?"

"गावाकडं, सासूपाशी," ती म्हणाली आणि ओढ्याकडे बघत राहिली.

मला हायसं वाटलं. दमलेल्या माणसाला असा बिनकटकटीचा फड फार आवडतो. मुकादमानं आग्रह केला, म्हणून त्याच्या कोपीत (पाचटाच्या झोपडीत) जेवायला बसले. ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या मसाल्याची आमटी). दोनदा वाढून घेतलं, वर घटकाभर आडवीही झाले.

निघाले, तर ओढ्यापाशी गाडी पंक्चर. ड्रायव्हर चाक बदलेपर्यंत सावलीला गेले. तिथं एक म्हातारी चार-पाच चिल्लीपिल्ली घेऊन बसली होती. मांडीवरचं तान्हं रडून रडून थकलं होतं.

"कुणाचं हो, आजी?"

"सविताचं. सकाळधरनं दूध न्हाय त्याला."

"मग आईकडे न्या की!"

"कसं नेऊ? तपासणीवाली बाई आलीय. लेकरू दिसलं तर काम जाईल, म्हणतोय मुकादम. लई वाट बघितली, तर ती जेवून निजलीय म्हणं."

"आजी, ती बाई मीच. मुलांना कामाला लावायची बंदी आहे, पाजायची नाही."

म्हातारीनं मला खालवर न्याहाळलं. "व्हय? मुकादमाला कोन सांगावं? तुमी निघा आधी."

चाक बसायची वाट न बघता मी पायीच सडकेला लागले. वळणावरून मागे पाहिलं. सविता बांधावरून पळत येत होती. मला पाहून ती जागीच थबकली. मी मान फिरवली आणि भराभर चालू लागले.

घरी आईनं विचारलं, "होती का गं मुलं कामाला?"

"नव्हती," मी म्हणाले. ते खरंच होतं. लेकरांच्या भल्यासाठी मी तिथं गेले, आणि त्या दिवशी उपाशी राहिलं ते एक लेकरूच. पोटभर जेवले ती मी.